शैलाचे सात प्रश्न

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या ऑफिसात दोन टेबलं होती आणि येणाऱ्या बायकांना त्यातलं एकच हवं असे. दारातून आत पाऊल टाकलं की त्या माझ्याकडे बघून विचारत, "बोलणाऱ्या बाई हाईत का?" मी म्हणे, "कोर्टात आहेत, बसा. काय काम आहे ते मला सांगा." त्यावर ठरलेलं उत्तर येई. "न्हाय, त्या आल्यावरच सांगतो की."

बोलणाऱ्या बाई म्हणजे शैला. लिहिणाऱ्या बाई म्हणजे मी. ही नावं आम्ही घेतली नव्हती, अशिलांनी दिली होती. तीसेक वर्षं आम्ही दोघींनी मिळून वकिली केली. दावे, अर्ज, शपथपत्रं, युक्तिवादाच्या टिपणी मी लिहायची आणि कोर्टात उभी शैला राहायची. माझी जीभ चारचौघांत आखडते, हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. मार्चमध्ये शैला गेली. तेव्हापासून तिच्याविषयी लिहा, असं अनेकांनी सांगितलं. सगळ्यांना वाटतं की मी चांगलं लिहीन. लिहायला बसले की पहिल्यांदा वर येतो तो मत्सर, दुःख त्याच्या मागून येतं. म्हणून एकाच दाव्याविषयी लिहिते. त्या दाव्याचा निकाल लागला, अपिलाची मुदत संपली, आणि जिचा दावा होता तिने "लिवा की" म्हणून परवानगी दिली आहे. तिचं नाव मात्र मी बदललं आहे.

आमच्याकडे मुख्यतः स्त्रीधनाचे दावे येत. बाहेरच्या माणसाला वाटतं, स्त्रीधन म्हणजे बाईचे दागिने. तसं नाही. लग्नाआधी, लग्नात किंवा लग्नानंतर बाईला जे मिळालं आणि जे तिचं एकटीचं आहे, ते सगळं स्त्रीधन. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी ते कपाटात ठेवलं तर ते राखणदार होतात, मालक होत नाहीत. मागितल्यावर परत द्यावं लागतं. कायदा इतका सोपा आहे. अवघड असतं ते सिद्ध करणं. सोनं सासरच्या कपाटात असतं आणि बाई माहेरच्या ओसरीवर. तिच्या हातात पावती नसते, कारण बापाने ते सोनाराकडून ओळखीवर घेतलेलं असतं.

आमच्याकडच्या लग्नांत एक कागद मात्र होतो. त्याला याद म्हणतात. सुपारीच्या दिवशी दोन्हीकडची जाणती माणसं बसतात आणि कुणी काय घालायचं ते लिहून काढतात. खाली सह्या, कुणाचे अंगठे. हा कागद सापडला की अर्धा दावा जिंकला म्हणायचं. सापडला नाही की आमची खरी मेहनत सुरू होई.

मला पुस्तकांचं वेड आहे. स्त्रीधन हा शब्द कुठून आला, हे मी पंधरा-वीस वर्षं हुडकत होते. संस्कृत थोडं येत होतं, थोडं त्यासाठी शिकले. जुन्या स्मृतिकारांनी स्त्रीधनाचे सहा प्रकार मोजले, पुढच्यांनी त्यात भर घातली. ती यादी पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीभर फिरले होते. कारण ती वस्तूंची यादी नाही, प्रसंगांची आहे. अग्नीसमोर दिलेलं ते अध्यग्नी. सासरी निघताना दिलेलं ते अध्यावाहनिक. वडीलधाऱ्यांच्या पाया पडताना मिळालेलं ते पादवंदनिक. लग्नानंतर मागाहून आलेलं ते अन्वाधेय. प्रेमाने दिलेलं ते प्रीतिदत्त. किती तोळे, हे कुणी विचारतच नाही. कधी दिलं आणि कुणी दिलं, एवढंच विचारतात.

त्याच यादीच्या शेजारी एक कडू वाक्यही आहे. बाईने स्वतःच्या हातच्या कसबाने जे मिळवलं आणि परक्याने प्रेमाने जे दिलं, त्यावर नवऱ्याची सत्ता, असं ते म्हणतं. आताच्या कायद्याने ते मोडून काढलं. तरी शिवणकाम करून कानातलं केलेल्या बाईला सासू "आमच्या घरात राहून केलंस" म्हणते, तेव्हा ते जुनं वाक्यच तिच्या तोंडून बोलत असतं.

हे सगळं मी शैलाला एका दुपारी चहा पिताना सांगितलं. ती भेळ खात होती.

"पादवंदनिक म्हणजे?" तिने विचारलं.

"नवी सून पाया पडते तेव्हा सासू, चुलतसासू जे अंगावर घालतात ते."

"मग असं मराठीत बोल की गं. ते अध्यग्नी की काय, त्याला जरा गप बसव." तिने भेळेचा कागद चुरगळला. मग म्हणाली, "कुठलीच सासू असं म्हणणार नाही की सून पाया पडली आणि मी काही घातलं नाही. गाव काय म्हणेल?"

पुढच्याच महिन्यात तिने एका सासूला कोर्टात तो प्रश्न विचारला. सासूने तोवर दोन तास सुनेच्या अंगावर काही नव्हतंच असं सांगितलं होतं. "म्हणजे सून पाया पडली आणि तुम्ही रिकाम्या हाताने उठवलीत?" शैला म्हणाली. "रिकाम्या हातानं कशाला? माझी ठुशी घातली की!" ठुशी तिच्या तोंडून आली. त्या ठुशीला धरून बाकीचं आलं. बार रूममध्ये त्या प्रश्नाला "शैलाबाईंचा प्रश्न" म्हणायला लागले. नवे वकील तो शिकायला येत. शैला म्हणे, "अरे, हिने वाचलेलं आहे ते, हिला विचारा." मुलं माझ्याकडे बघून हसत. मोठ्या माणसाचा नम्रपणा म्हणून ते सोडून देत.

मला त्या प्रश्नाचं नाव चावत राहिलं. किती ते सांगणं लाजिरवाणं आहे. एखादी अशील खरवसाचा डबा आणून "बोलणाऱ्या बाईस्नी द्या" म्हणे, मी तो देई, शैला त्यातला अर्धा मला देई, आणि तो अर्धा मला गोड लागत नसे.

आणि ती नुसत्या माझ्या वाचनावर जगत नव्हती, हेही मला ठाऊक होतं. तेच जास्त खुपे. गारगोटीकडचा एक म्हातारा लेकीचा दावा घेऊन आला होता. त्याने लग्नात म्हैस दिली होती. ती व्याली, तिची रेडी वाढली, तीही व्याली. लेक घराबाहेर आणि दूध जावयाच्या नावाने डेअरीत. जावई म्हणे म्हैस माझीच, बाजारातून आणली. जनावराची वीण स्त्रीधनात धरायची का, यावर मी पंधरा दिवस ग्रंथ चाळले आणि नऊ पानं लिहिली. शैलाने ती पानं घडी करून काखेत धरली आणि जावयाला विचारलं,

"म्हशीचं नाव काय हो?"

"चंद्री."

"छान नाव. कुणी ठेवलं?"

"हिनंच. ल्हान हुती तवा."

"कोण लहान होती? म्हैस का बायको?"

"दोघी बी की," जावई म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याला कोर्ट हसल्यावर कळलं. माझी नऊ पानं काखेतच राहिली.

आता अक्काताई. माहेर करवीर तालुक्यातलं, दिली होती शिरोळला, कृष्णेकाठच्या उसाच्या घरात. बारा वर्षांनी नवऱ्याने दुसरं बिऱ्हाड केलं आणि हिला माहेरी आणून सोडलं. बाकी दागिन्यांबद्दल तिची फार तक्रार नव्हती. तिला एकच वस्तू हवी होती. पुतळ्यांची माळ. तिच्या आईची, आईला तिच्या आईने दिलेली. आईने मरणाआधी स्वतःच्या गळ्यातली काढून लेकीच्या लग्नात मांडवात घातली होती.

"बाकीचं त्यांच्या मढ्यावर घालू देत," अक्काताई म्हणाली. "माळ तेवढी माझ्या आईची हाय. ती आनून द्या."

यादीच्या दोन प्रती झाल्या होत्या. एक सासरी, ती "सापडत न्हाय". दुसरी शिरोळलाच राहणाऱ्या मामाकडे, ती महापुरात ट्रंकेसकट गेली. लग्नाच्या फोटोंत गळ्यात इतके हार होते की गळाच दिसत नव्हता. आई वारलेली, वडील त्याआधीच. मामाला माळ आठवत होती, पण कुठली, कशी, हे सांगताना तो गोंधळला. राहिली फक्त सासू. तिची उलटतपासणी म्हणजे आमचा शेवटचा दरवाजा. अक्काताईलाही ते कळत होतं. तारीख विचारायला ती दर आठवड्याला यायची आणि माझ्या टेबलापुढून शैलाच्या टेबलापुढे जाऊन बसायची.

उलटतपासणीच्या चार दिवस आधी शैला दवाखान्यात दाखल झाली. आजार तोवर बराच पुढे गेला होता. आम्हाला ते नंतर कळलं. मी तारीख वाढवून मागू शकले असते. मागितली नाही. शैलाला फोनवर सांगितलं की मी घेते. मग ती म्हणाली, "घे की. का नाही घेणार? थांब, मी प्रश्न लिहून पाठवते."

तिच्या नवऱ्याने चिठ्ठी आणून दिली. दवाखान्याच्या कागदाच्या पाठीमागे लिहिलेले सात प्रश्न. पहिले तीन सासूच्या घराच्या मोठेपणाचे. वरातीला किती गाड्या होत्या, गावजेवण केलं का, असे. चौथा, सून पहिल्यांदा पाया कधी पडली. पाचवा, तेव्हा तुम्ही तिच्या अंगावर काय घातलं. सहावा, ते घालताना तिच्या गळ्यात आधी काय होतं. सातव्यापुढे लिहिलं होतं, "गरज लागणार नाही."

पाचव्या प्रश्नाशी माझं मन कडवट झालं. हा माझा होता. मी हुडकलेला, मी समजावून सांगितलेला. आणि तो मला, जणू मी काल सनद घेतली आहे अशा थाटात, चिठ्ठीवर लिहून आला होता. ती आजारी होती, हे मला त्या वेळी आठवलं नाही असं मी म्हणणार नाही. आठवत होतं. मी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि ठरवलं की आज माझ्या पद्धतीने करायचं.

माझी पद्धत म्हणजे क्रम, तारखा, वर्णन. माळेत पुतळ्या किती होत्या, रेशीम कुठल्या रंगाचं, सोनार कोण. जे मला माहीत होतं ते मी सासूला विचारत होते. शिरोळहून एसटीने आलेली ती बाई हात पदरात गुंडाळून उभी होती. प्रत्येक प्रश्नाला ती सावध होत गेली.

"माळ नव्हती," ती म्हणाली.

"तुम्ही खोटं सांगत आहात."

"न्हाय."

"ती माळ तुमच्या कपाटात आहे."

"न्हाय."

टंकलेखक प्रत्येक "नाही" टाइप करत होता. वीस मिनिटांत संपलं. शेवटच्या बाकावर अक्काताई बसली होती. बाहेर आल्यावर फक्त म्हणाली, "बोलणाऱ्या बाई कवा येणार?"

संध्याकाळी शैलाचा फोन आला.

"विचारलंस?"

"विचारलं."

"पाचवा?"

"हो."

"काय म्हणाली?"

"काही घातलं नाही म्हणाली."

ती हसली. तिचं नेहमीचं हसणं नव्हतं ते. "चल, म्हणजे प्रश्न बोथट झाला माझा. म्हातारी झाले बघ मी."

त्यानंतर ती सहा आठवडे जगली. मी जवळजवळ रोज जात होते. कधी मोसंब्याचा रस, कधी वर्तमानपत्र वाचून दाखवणं. एकदा तिने छताकडे बघत विचारलं, "शब्दच वेगळे वापरायला हवे होते का गं?" तेव्हा तरी सांगायचं. मी म्हटलं, "पड तू. बोलू नकोस." जिला सगळं कोल्हापूर बोलणाऱ्या बाई म्हणत होतं, तिला मी बोलू नकोस म्हटलं, आणि आपला प्रश्न चुकला असं समजूनच ती गेली.

दावा अंतिम युक्तिवादाला लागला होता. साक्षीदाराला पुन्हा उलटतपासणीला बोलावता येतं, पण त्यासाठी कारण द्यावं लागतं. आधी का विचारलं नाही, आता का विचारायचं आहे. कारण खरं असावं लागतं आणि ते शपथेवर लिहावं लागतं. "नजरचुकीने राहून गेलं" हे वाक्य मी दुसऱ्यांसाठी शेकडो वेळा लिहिलं आहे. माझ्या नावापुढे मला ते लिहवेना.

आधी अक्काताईला सांगायला हवं होतं. तिला बोलावलं. शैलाच्या रिकाम्या टेबलापुढे जाऊन ती बसली. तिथून तिने माझं सगळं ऐकलं. चिठ्ठी होती, मी विचारलं नाही, का विचारलं नाही. मी "मतभेद" असा काही शब्द वापरला असावा.

"मतभेद म्हंजे?"

"मी जळत होते त्यांच्यावर."

तिने पदराने तोंड पुसलं. "माझी जाऊ बी जळती माझ्यावर. पर तिनं कवा माझ्या भांड्यात मूठभर मीठ टाकलं न्हाय."

मी पर्समधून चिठ्ठी काढून तिच्यापुढे ठेवली.

"येकदा साक्ष दिऊन गेलेली बाई परत कोर्टात बोलावता येती?"

"अर्ज करावा लागेल. माझी चूक मला लिहून द्यावी लागेल."

"मग द्या की लिवून. लिहिणाऱ्या बाई न्हवं तुमी?" ती उठली. दारात थांबून म्हणाली, "आनि बोलणाऱ्या बाईंनी लिवलंय तस्सं इचारा. तुमचं त्यात काय घालू नकासा."

आयुष्यातलं सगळ्यात लहान शपथपत्र मी त्या आठवड्यात लिहिलं. माझ्या दिवंगत सहकारी वकिलांनी सात प्रश्न लिहून दिले होते. ते मला मिळाले होते. व्यक्तिगत असूयेपोटी मी ते विचारले नाहीत. त्याची शिक्षा अशिलाला होऊ नये. एवढंच. पादवंदनिक हा शब्द त्यात घालायचा मोह झाला. हा प्रश्न मूळ कुणाचा, हे कुठेतरी नोंदवावं असं वाटलं. एका मसुद्यात घातलाही होता. मग खोडला.

न्यायाधीशबाईंनी ते वाचलं, चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं आणि परत वाचलं. समोरच्या वकिलांनी हरकत घेतली. असली कारणं कधी ऐकली नाहीत, म्हणाले. "मीही नाही," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "म्हणूनच खरं वाटतं. सातच प्रश्न. आठवा नाही." बार रूममध्ये त्या दिवसापासून काही जण माझ्याशी बोलेनासे झाले. काही जण उगाच गोड बोलायला लागले. ते जास्त जड गेलं.

सासू पुन्हा आली. मी चिठ्ठी हातात धरली आणि वाचत गेले. वरातीला गाड्या किती? "सात. आनि बैलगाड्या येगळ्या." गावजेवण? "दोन दिस पंगती उठत हुत्या." तिची मान हळूहळू वर होत होती. शैलाला हे दवाखान्याच्या खाटेवरून दिसलं होतं. मला समोर उभं राहूनही दिसलं नसतं.

"सून पहिल्यांदा पाया कधी पडली?"

"माप वलांडून आत आली तवा."

"तेव्हा तुम्ही तिच्या अंगावर काय घातलं?"

"बोरमाळ. माझी सोताची."

"ती घालताना तिच्या गळ्यात आधी काय होतं?"

"मंगळसूत्र. आनि तिची ती पुतळ्याची माळ. त्येच्यावर शोबंना म्हनून आमची वर..." ती थांबली. लेकाकडे बघितलं. टंकलेखकाच्या बोटांचा आवाज चालू राहिला.

सातवा प्रश्न मी विचारला नाही. गरज लागली नाही.

निकाल अक्काताईच्या बाजूने लागला आणि महिन्याभरात माळ कोर्टातच तिच्या हातात आली. रेशीम तुटायला आलं होतं, पुतळ्या मळल्या होत्या. तिने ती तिथेच गळ्यात घातली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आली, नवं लुगडं नेसून. माझ्या टेबलापुढे उभी राहिली. मला वाटलं, आता बसेल.

"बोलणाऱ्या बाईंचं घर कुठं हाय?" तिने विचारलं. "फोटू असंल की तितं. माळ दावून येतो म्हनलं."

मी म्हटलं, "आहे. त्यांचे मिस्टर असतील घरी."

"बस जाती?"

"रिक्षानं जा. सापडायला जरा अवघड आहे."

मी कागद घेतला आणि पत्ता लिहायला लागले. पिठाच्या गिरणीपासून डावीकडे, मग शाळेची भिंत संपते तिथे उजवीकडे, मग दुसरी गल्ली. तुम्हीही चला, असं ती म्हणाली नाही. मी येऊ का, असं मी विचारलं नाही. ती माळेवरून हात फिरवत वाट बघत होती. मी सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं, एकही वळण न चुकवता, आणि कागद तिच्या हातात दिला.